मांडीच्या मापाची मोटार

एरंडोलच्या लोटनभाऊंचा डावा पाय गेला तेव्हा सगळं गाव हळहळलं, आणि महिन्याभरात गावाला त्याची सवयही झाली. लोटनभाऊंनाही पाय नसण्याची सवय झाली. मोटारीच्या मागच्या सीटवर बसण्याची मात्र तीन वर्षं झाली तरी झाली नव्हती.

मोटार त्यांची स्वतःची होती. कापसाच्या एका जिनच्या मालकाने काढून टाकलेली जुनी काळी मोटार त्यांनी घेतली, स्वतः खोलली, स्वतः जोडली आणि स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी पुढे झेंडा लावून गावभर फिरवली. एरंडोलात तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रस्त्यात कोंबडी आडवी आली तर ती कोणाच्या दारातली हे लोटनभाऊ धूळ उडायच्या आत सांगत. मग एका हंगामात मार्केटात कापसाची भरलेली गाडी कलंडली, खाली लोटनभाऊ होते, आणि धुळ्याच्या दवाखान्यात गुडघ्याच्या वरपासून पाय काढावा लागला. गिअर बदलायचा तर डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. पाय नाही म्हणून क्लच नाही, क्लच नाही म्हणून गाडी नाही, आणि लायसनही सरकारजमा झालं.

तेव्हापासून मोटार पंडित चालवू लागला. पंडित म्हणजे मोठ्या भावाचा, कौतिकआबांचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. काकांना हात धरून मागे बसवायचा, कुबडी नीट आडवी ठेवायचा, वर "नाना, ठीक ना?" असं विचारायचा. फक्त कुठे जायचं ते विचारायचा नाही. त्याला जळगावात सिनेमा पाहायचा असेल तर लोटनभाऊंचं डॉक्टरकडे जाणं त्या दिवशी ठरायचं. पुढच्या सीटवर पंडितचे मित्र बसायचे. पूर्वी त्या जागेवर कुंदाबाई, लोटनभाऊंच्या पत्नी, बसायच्या. पुतण्याच्या शेजारी चुलतीने पुढे बसणं काही बरं दिसेना, म्हणून त्याही मागे आल्या. नवरा-बायको दोघं मागे, गाठोड्यासारखी, आणि पुढे तीन डोकी सिनेमातली गाणी म्हणताहेत, अशी ती मोटार आठवड्यातून दोनदा एरंडोलच्या वेशीतून जायची. लोटनभाऊ मागे बसून उजवा पाय दाबत राहायचे. तिथे ब्रेक नव्हता, तरी दाबायचे.

एक दिवस एका जुन्या ड्रायव्हरने त्यांना सांगितलं, की अपंग माणसालाही लायसन मिळतं. त्याच्यासाठी मुद्दाम बदल केलेली मोटार असली पाहिजे, त्या बदलाचं सरकारी पासिंग झालं पाहिजे, आणि त्या माणसाने ती मोटार इन्स्पेक्टरला चालवून दाखवली पाहिजे. कायद्यात तशी सोय आहे. लोटनभाऊ ते ऐकून घरी न जाता तडक चिंचेखाली गेले. चिंचेखाली सुकदेव मिस्तरी बसायचे.

सुकदेव मिस्तरी बैलगाड्या आणि नांगर करणारे सुतार. साठी उलटलेले, बोलणं मोजकं आणि माप पक्कं. त्यांची एकच खोड होती. नांगर करायचा तर ते आधी शेतकऱ्याला उभा करत, त्याच्या कंबरेला आणि मनगटाला दोरी लावत आणि मगच लाकूड तासायचा वाकस हातात धरत. तयार नांगर त्यांनी जन्मात विकला नाही. शेजाऱ्याचा नांगर मागून नेणाऱ्याची पाठ दुखली, तर दोष नांगराचा नाही, मागून नेणाऱ्याचा, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

त्यांनी मोटार पाहिली, क्लच हाताने दाबून पाहिला, आणि कुंभाराकडून टोपलीभर ओली माती आणवली. लोटनभाऊंना ओट्यावर बसवून त्यांची अर्धी मांडी त्या मातीत ठेवायला लावली. तो छाप वाळल्यावर त्यावरून बाभळीच्या लाकडाची एक खोलगट वाटी कोरली, आत कापूस भरून कातडं ठोकलं आणि लोहाराकडून तिला लोखंडी दांडा करून क्लचला जोडला. मांडी त्या वाटीत ठेवून खाली रेटली की क्लच दबायचा, सैल सोडली की सुटायचा. लोटनभाऊंनी आपल्याच खळ्यात मोटार सुरू केली, मांडी रेटली, गिअर टाकला. मोटार चालली. कडब्याच्या गंजीला चार फेऱ्या मारून झाल्यावर ते थांबले आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. मिस्तरींनी वाटी दुखते का म्हणून विचारलं. लोटनभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मिस्तरींना दाखवायचे नव्हते.

घरात मात्र वेगळीच पंचाईत झाली. वाटी आणि दांडा यांनी डाव्या पायाची सगळी जागा खाऊन टाकली होती. पंडित चालवायला बसला तर त्याचा डावा पाय कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. एक पाय दाराबाहेर काढून त्याने गाडी चालवायचा प्रयत्न केला आणि गोठ्याच्या कुडाला जाऊन टेकला. आता मोटार दारात उभी, आणि घरात दोन धडधाकट पायांचा माणूस असून तिचा उपयोग नाही. कौतिकआबा घरातले कर्ते. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर सरकारचा कागद आला तर ठीक, नाही तर ते लाकूड काढून चुलीत घालायचं आणि मोटार पहिल्यासारखी पंडितकडे. आबांचा शब्द घरात कोणी मोडत नसे, लोटनभाऊही नाही.

मोटार इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा जळगावला येत आणि मैदानात टेबल मांडून गाड्या पास करत. दसऱ्याच्या आत त्यांच्या दोनच फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीला लोटनभाऊ आणि मिस्तरी एसटीने जाऊन नुसते चौकशी करून आले. इन्स्पेक्टर बुटके, गोलसर, खाकीत घट्ट बसवलेले, आणि कायद्याला धरून चालणारे. असा अर्ज आपल्याकडे पहिल्यांदाच आला आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरचा दाखला हवा, आणि केलेल्या बदलाचा बरोबर मापाचा नकाशा हवा, तीन प्रतींत. मोटार आणल्यावर ती आपण स्वतः चालवून पाहू आणि मग अर्जदाराची परीक्षा घेऊ. फॉर्मात एक रकाना होता, बदल कोणत्या कारखान्यात केला. मिस्तरींनी शांतपणे सांगितलं, चिंचेखाली. इन्स्पेक्टरांनी पेन थोडा वेळ हवेत धरला आणि तसंच लिहिलं.

नकाशाचं काम मिस्तरींनी मनावर घेतलं. जन्मभर त्यांनी गाडीचं चाक जमिनीवर कोळशाने आखलं होतं, चाक जेवढं तेवढंच. कागदावर लहान काढायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. बरोबर माप म्हणजे बरोबर माप. तेवढा मोठा कागद एरंडोलात मिळेना, म्हणून त्यांनी कोरं धोतर अंथरलं आणि त्यावर कोळशाने वाटी, दांडा, क्लच, खिळे, सगळं जिथल्या तिथे काढलं. तीन प्रती म्हणजे तीन धोतरं. कुंदाबाईंनी पेटीतून तिसरं धोतर काढून देताना एवढंच विचारलं, की सरकार ही परत देतं का.

दुसऱ्या फेरीला मोटार जळगावला न्यायची होती आणि ती चालवायची कोणी? लोटनभाऊंना लायसन नव्हतं. पंडितकडे लायसन होतं, पण पाय एक जास्त होता. शेवटी मोटारीला बैल जुंपले. अठरा मैल. आदल्या दिवशी सकाळी निघाले, पाळधीला ओळखीच्या घरी मुक्काम केला, आणि पुन्हा दिवस उजाडताच वाटेला लागले. लोटनभाऊ स्टिअरिंगच्या चाकामागे बसले. ओढल्या जाणाऱ्या मोटारीचं चाक धरायला लायसन लागतं का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारायलाही गेलं नाही. मिस्तरी शेजारी, तिन्ही धोतरं मांडीवर. बैल हाकायला पंडित. रस्त्याने येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि पेट्रोलऐवजी सरकी घालता का म्हणून विचारायचा. लोटनभाऊ प्रत्येकाला हात करत होते. पंडितने टोपी नाकापर्यंत ओढली होती.

मैदानात पोचले तेव्हा ट्रका आणि टांग्यांच्या गर्दीत त्यांना आपोआप वाट मिळाली. इन्स्पेक्टरांनी बैलांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि नकाशे मागितले. मिस्तरींनी पहिलं धोतर टेबलावर अंथरलं. ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. भोवतीचे ड्रायव्हर हसायला लागले. इन्स्पेक्टर हसले नाहीत, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, नकाशा कागदावर असतो आणि प्रमाणात असतो, हे काय आहे? इथेच संपलं, आता लाकूड चुलीत, असं लोटनभाऊंना वाटलं.

मिस्तरींना प्रश्नच समजला नाही. त्यांनी धोतर उचललं, मोटारीचं दार उघडलं आणि ते आतल्या वाटी-दांड्यावर नेऊन धरलं. कोळशाची रेघ आणि लोखंडाचा दांडा एकमेकांवर बसले. खिळ्यावर खिळा आला, वाटीवर वाटी आली. इन्स्पेक्टर वाकून बघत राहिले. त्यांनी खिशातली पट्टी काढून दोन-तीन ठिकाणी मोजलं आणि पट्टी परत ठेवली. मग धोतराच्या कोपऱ्यावर तारीख घालून सही केली. शाई पसरली, तेव्हा त्यांनी पुढच्या दोन सह्या पेन्सिलीने केल्या.

आता मोटार चालवून पाहायची. इन्स्पेक्टर चाकामागे बसले, आणि घरी पंडितची झाली होती तीच पंचाईत त्यांची झाली. डावा पाय ठेवायला जागाच नव्हती. पाय आत घ्यावा तर गुडघा वाटीला अडतो, बाहेर ठेवावा तर दार लागत नाही. त्यांनी दोनदा खटपट केली, टोपी काढून घाम पुसला आणि खाली उतरले.

"मी जी गाडी चालवूच शकत नाही, ती सुरक्षित आहे असं लिहून देऊ कसा?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरीखुरी अडचण होती, आणि त्याचंच लोटनभाऊंना जास्त वाईट वाटलं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

मिस्तरींना मात्र हे नांगर मागून नेणाऱ्याचं गाऱ्हाणं वाटलं. ते पुढे झाले. "साहेब, हाई मोटार तुमना मापनी नहीच शे," ते म्हणाले. "लोटनभाऊना मांडीना मापनी शे."

इन्स्पेक्टर म्हणाले, की ते दिसतंच आहे, पण कायद्याने ती आधी मी चालवली पाहिजे, आणि मला दोन पाय आहेत त्याला माझा इलाज नाही. ते फॉर्मावर काहीतरी लिहायला वळले. लोटनभाऊ कुबडीवर उभे होते. तीन वर्षं ते ज्याच्या त्याच्या सोयीने बसत-उठत आले होते, कोणाला कधी काही सांगितलं नव्हतं. आता पेन कागदाला टेकायच्या आत काही सुचलं नाही तर जन्मभर मागची सीट होती.

"साहेब, बूट काढा," ते म्हणाले. "डावा पाय दुमडून बसा, जेवायला बसतो तसा. गुडघा वाटीत ठेवा. मग तुमचाही पाय माझ्याएवढाच उरेल."

सरकारी माणसाला बूट काढायला सांगणं म्हणजे थोडं जास्तच होतं. इन्स्पेक्टरांनी लोटनभाऊंच्या धोतराच्या रिकाम्या सोग्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटाकडे. खाली बसून त्यांनी बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी पाहिलं नाही.

डावा पाय मुडपून, गुडघा बाभळीच्या वाटीत ठेवून इन्स्पेक्टर बसले. बुटके होते म्हणून बसले, उंच माणसाचं काम नव्हतं. गुडघा रेटला, गिअर टाकला. मोटार दोन आचके देऊन निघाली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी मैदानाच्या कडेच्या चढावर मोटार मुद्दाम थांबवली आणि पुन्हा वर नेली. मोटार एक वीतसुद्धा मागे सरकली नाही. ब्रेक लावून पाहिला, मागे घेऊन पाहिली. जास्तीची एक फेरी त्यांनी कायद्यासाठी नव्हे तर हौसेने मारली, असं लोटनभाऊंना वाटलं, आणि ते पुढे कित्येक वर्षं तसंच सांगत असत.

मोटार थांबली, पण इन्स्पेक्टर उतरेनात. दुमडलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तो जमिनीवर ठेवला तरी त्यांचा राहिला नव्हता. लोटनभाऊंनी आपली कुबडी पुढे केली आणि स्वतः मोटारीच्या दाराला धरून एका पायावर उभे राहिले. इन्स्पेक्टरांनी कुबडी काखेत घेतली. एक पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं. असे लंगडत ते मोटारीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. त्या दहा पावलांना त्यांना बराच वेळ लागला.

"चला," पलीकडच्या सीटवर बसत ते म्हणाले. "आता तुम्ही."

लोटनभाऊ चाकामागे बसले. वाटीत मांडी अशी बसली की जणू ती तिथून कधी उठलीच नव्हती. त्यांनी मोटार मैदानातून बाहेर काढली, बाजाराच्या गर्दीतून नेली, हमालांच्या हातगाड्या चुकवल्या आणि एका म्हशीला रस्ता दिला. इन्स्पेक्टर कुबडी दोन गुडघ्यांत धरून बसले होते. परत येईपर्यंत त्यांनी एकही सूचना केली नाही. फक्त एकदा विचारलं, की पाय कधी गेला. लोटनभाऊंनी सांगितलं.

मोटारीच्या बुकात त्यांनी बदलाची नोंद केली, शिक्का मारला, आणि नव्या लायसनवर इंग्रजीत दोन ओळी लिहून त्या मराठीत समजावून सांगितल्या. लोटनभाऊंनी एवढीच मोटार चालवावी, दुसरी नाही. आणि ही मोटार बदललेल्या घडणीमुळे फक्त लोटनभाऊंनीच चालवावी. दुसऱ्या कोणी चालवली तर तो गुन्हा.

लोटनभाऊंनी दोन्ही हातांनी कागद घेतले. खोडी काढायची सवय काही गेली नव्हती. "साहेब, शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचा," ते म्हणाले. "जरा मोठ्याने. आमच्या पुतण्याला कमी ऐकू येतं."

पंडितला चांगलं ऐकू येत होतं. इन्स्पेक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांना काय समजायचं ते समजलं, आणि त्यांनी ती ओळ मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. वर गुन्ह्याला शिक्षा काय तेही सांगितलं. मग कुबडी परत केली.

मोटार आता स्वतःच्या पायांनी घरी जाणार होती, म्हणून बैल मोकळे झाले. ते कोणीतरी परत न्यायला हवे होते. पंडितने सवयीने चावीसाठी हात पुढे केला, तेव्हा लोटनभाऊंनी त्याच्या हातात कासरा दिला. घाई करू नकोस, पाळधीला मुक्काम कर, तुझ्या जेवणाचा निरोप जाता जाता देतो, असं प्रेमाने सांगितलं. पोरगा कासऱ्याकडे बघून हसला. वाईट नव्हताच तो.

तिसऱ्या प्रहरी मोटार एरंडोलच्या वेशीत शिरली. मिस्तरी चिंचेखाली उतरले. एक धोतर सरकारने ठेवून घेतलं होतं, दोन परत मिळाली होती, ती त्यांनी कुंदाबाईंसाठी मोटारीत ठेवली. कोळसा धुतला की जातो, म्हणाले. वाड्यावर कौतिकआबा ओट्यावर बसले होते. त्यांनी इंग्रजी जाणणाऱ्या पोस्टमास्तरांना बोलावून कागद वाचून घेतला, पुन्हा वाचायला लावला, आणि चष्मा काढून भावाकडे पाहिलं.

"मंग आते माले बी तुलेच इचारनं पडी," ते म्हणाले. ते रागावले आहेत की काय ते कळेपर्यंत त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून कागद परत दिला.

कुंदाबाई हात पुसत बाहेर आल्या. लोटनभाऊंनी चला म्हटलं तसं त्यांनी पदर सावरला, मोटारीपाशी आल्या आणि सवयीने मागचं दार उघडायला लागल्या. लोटनभाऊंनी आतून पुढचं दार उघडलं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग पुढे बसल्या. बसल्यावर त्यांनी सीटवरून हात फिरवला, जशी घरची जुनी वस्तू सापडावी.

"कोठे जावानं?" लोटनभाऊंनी विचारलं.

विचारलं आणि त्यांना एकदम उमगलं. तीन वर्षं आपल्याला कोणी हे विचारलं नाही म्हणून ते मनातल्या मनात कुढत होते. कुंदाबाईंना तर त्याच्याही आधीपासून कोणी विचारलं नव्हतं. पाय धड होते तेव्हा मोटार आपल्याला वाटेल तिथे जायची, आणि ही शेजारी बसून यायची. पद्मालयाच्या गणपतीला नेलं तरी आपल्याला नवस फेडायचा म्हणून. लोटनभाऊंना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

"आज तू सांग," ते म्हणाले. "तू म्हनशी तठे."

कुंदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. चेष्टा नव्हती. मग त्यांनी समोर धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बोट केलं.

"धुयाना रस्ताले लागा," त्या म्हणाल्या. "मी सांगसू तव्हयच थांबा."

लोटनभाऊंनी मांडी रेटली, गिअर टाकला. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. खिडकीतून वारा येत होता आणि कुंदाबाईंनी पदर डोक्यावरून घसरला तरी तसाच राहू दिला होता. पारोळ्याची वेस आली, तरी त्यांनी थांबा म्हटलं नव्हतं.